नानांच्या डोक्याचं ऑपरेशन का केलं नाही?

मांजराकाठी (धागाकर्ता)

मंडळी, लिहू का नको करत दोन वर्षं गेली. आज लिहूनच टाकतो.

सोयाबीनची रास चालू होती. सकाळी सहाला नाना ओट्यावर चहा घेत बसले होते. उजव्या हातात कप, डाव्या हातात बशी. बशी निसटली. आईनं दुसरी दिली, तीही निसटली. मग नानांनी आपल्या डाव्या हाताकडं असं बघितलं, की तो हात दुसऱ्याच कुणाचा आहे. मी समोरच होतो, पण त्या नजरेचा अर्थ मला कळला नाही. तोंड वाकडं झालं तेव्हा कळला.

पाच मिनिटांत भावकी गोळा झाली. 'वारं गेलं, वारं गेलं.' एक जण तळपाय चोळतोय, दुसरा म्हणतोय तोंडात गरम पाणी घाला. बीपीची गोळी महिनाभर बंद होती, 'आता बरं वाटतंय' म्हणून. जीपमध्ये घालून आधी तालुक्याला, तिथून अंबाजोगाईच्या पुढं. सीटी स्कॅन व्हायला साडेनऊ वाजले.

डॉक्टर तरुण होता. त्यानं फिल्म खिडकीच्या उजेडात धरली, खिशातून सहा इंची स्टीलची पट्टी काढली आणि पांढरा डाग मोजला. लांबी 5 सेंटीमीटर, रुंदी 4, उंची साडेतीन. तिन्हीचा गुणाकार करून निम्मं केलं. म्हणाला, '35 मिली रक्त आहे. खोल जागी आहे. शुद्धीचे गुण 15 पैकी 13 आहेत. आत्ता ऑपरेशन करणार नाही. बीपी खाली आणू, लक्ष ठेवू. बिघडलं तर परत विचार करू.'

काका म्हणाले, 'साहेब, पैशाचं बघू नका. दोन एकर काढतो.' डॉक्टर म्हणाला, 'प्रश्न पैशाचा नाही.' आणि मी, पंचवीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवणारा माणूस, सगळ्यांसमोर म्हणालो, 'तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा, आम्ही सोलापूरला हलवतो.' तो काही बोलला नाही. फिल्म पाकिटात घातली आणि दुसऱ्या खाटेकडं गेला.

नानांना आम्ही हलवलं नाही, कारण त्यांना उलट्या सुरू झाल्या. बारा दिवसांनी ते घरी आले. आज काठी टेकत चालतात, बोलणं जरा जड आहे, डावा हात काही परत आला नाही. माझ्या मनात मात्र ते एकच राहिलं: डोक्यात रक्त साचलंय हे दिसतंय, काढता येतं, मग काढलं का नाही?

उत्तर शोधता शोधता एका माणसापाशी पोचलो. त्याचं नाव डेव्हिड मेंडेलो, इंग्लंडच्या न्यूकॅसलमध्ये न्यूरोसर्जरीचे, म्हणजे मेंदूच्या शस्त्रक्रियेचे, प्राध्यापक होते. त्यांचं काम मला समजलं तसं सांगतो. चुकलं तर जाणकारांनी दुरुस्त करावं.

1979 साली, एडिनबरामध्ये असताना, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी डोक्याला मार लागून कवटी आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये रक्त साचलेल्या रुग्णांचा हिशेब मांडला. निष्कर्ष सरळ होता: शुद्ध जायला लागल्यापासून ऑपरेशनला जितका उशीर, तितके मृत्यू जास्त. मग ग्लासगोत तिथले न्यूरोसर्जन टीझडेल आणि जेनेट यांच्याबरोबर 1983 चा अभ्यास. डोक्याला मार लागून आलेल्या कुणाच्या आत रक्ताची गाठ असण्याचा धोका किती? माणूस नीट बोलतोय आणि कवटीचं हाड शाबूत आहे, तर सुमारे 6000 मागे 1. बोलण्यात गोंधळ आहे आणि हाडही फुटलंय, तर 4 मागे 1. तेव्हा तिकडंही सीटी मशीन सगळीकडं नव्हतं, कुणाला मोठ्या दवाखान्यात पाठवायचं हे या आकड्यांवर ठरू लागलं.

त्यानंतर त्यांनी प्रयोगशाळेत उंदरांच्या मेंदूत बारीकसा फुगा फुगवून रक्ताच्या गाठीची नक्कल केली. फुगा लवकर रिकामा केला तर आजूबाजूचा मेंदू जास्त वाचायचा. म्हणजे जे माझ्या काकांना वाटत होतं, तेच प्रयोगशाळेतही दिसत होतं. गाठ लवकर काढा, माणूस सुधारेल.

अशा वेळी दुसरा कुणी म्हणाला असता, सिद्ध झालं, चला कामाला. मेंडेलोंनी माणसांवर तपासायचं ठरवलं. अपघात नाही, आपोआप झालेला रक्तस्राव, नानांसारखा. 27 देश, 83 केंद्रं, 1033 रुग्ण. निम्म्यांचं लवकर ऑपरेशन, निम्म्यांना आधी औषधं. कोण कुठल्या गटात हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरायचं. सहा महिन्यांनी रुग्णाच्या घरी टपालानं प्रश्नावली जायची: स्वतःचं स्वतः करता का, बाहेर जाता का, पूर्वीसारखं जगता का. 2005 मध्ये निकाल छापला. चांगली सुधारणा ऑपरेशनवाल्यांत 26 टक्के, औषधवाल्यांत 24 टक्के. म्हणजे फरक नाही.

ज्यानं आयुष्यभर गाठी काढल्या, प्रयोगशाळेत ज्याला आशा दिसली, त्यानंच दहा वर्षं घालवून जगाला सांगितलं की सरसकट लवकर ऑपरेशन करून फायदा दिसत नाही. त्या दिवशी पट्टी घेऊन उभा असलेला पोरगा हेच शिकून आला होता. मी त्याला 'जमत नसेल तर' म्हणालो.

दुधना

गुरुजी, नाना चालतात हे ऐकून बरं वाटलं. पण मला पटत नाही, आणि मी उगीच विरोधाला विरोध म्हणून लिहीत नाही.

एक तर 26 आणि 24. दोन टक्के जास्तच आहेत की. माझा बाप त्या दोनात असता तर? दुसरं, इंग्लंडातला अभ्यास आपल्याला कसा लागू करायचा? तिथं अॅम्ब्युलन्स दहा मिनिटांत येते. आमच्या गावाहून परभणीला पोचायला पावसाळ्यात दोन तास लागतात. तिसरं, आमच्याकडं 'ऑपरेशनची गरज नाही' हे वाक्य गरिबालाच ऐकावं लागतं. माझ्या डोळ्यादेखतची गोष्ट आहे, म्हणून लिहितोय.

रातपाळी

मी सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं सिस्टर होते, त्यातली बरीचशी वर्षं रात्रपाळीच्या आयसीयूत. मांजराकाठी यांनी '15 पैकी 13' लिहिलं, त्यावर सांगते, कारण तो आकडा बहुतेक वेळा आम्हीच काढतो.

टीझडेल आणि जेनेट यांनी 1974 साली ही मोजपट्टी मांडली, ग्लासगो कोमा स्केल. डोळे उघडण्याला 4 पर्यंत गुण, बोलण्याला 5, हालचालीला 6. सगळं उत्तम असेल तर 15, काहीच नसेल तरी 3. शून्य नसतं. मी नोकरीला लागले तेव्हा जुने डॉक्टर कागदावर 'अर्धवट शुद्धीत' लिहायचे. अर्धवट म्हणजे किती? संध्याकाळी एकानं अर्धवट लिहिलं, पहाटे दुसऱ्यानं अर्धवट लिहिलं, मधल्या वेळात माणूस खाली गेला का वर आला, काय कळणार? आकडा आल्यावर आम्ही सिस्टर लोक फोनवर सांगू लागलो, 'सर, रात्री दोनला 13 होता, आता 11 आहे.' एवढ्या वाक्यावर डॉक्टर चप्पल घालून निघायचे. पूर्वी 'सर, पेशंट बरा वाटत नाही' म्हटलं की 'सकाळी बघू' यायचं.

मोजायचं कसं, ते लिहिते. आधी लांबून बघायचं, डोळे आपोआप उघडे आहेत का. मग नावानं हाक. उत्तर नाही तर नखाच्या मुळाशी पेन दाबायचा. नातेवाईक कळवळतात, 'अहो बाई, दुखतंय त्यांना.' दुखायलाच पाहिजे, दुखलं की हात कुठं जातो ते बघायचंय. दुखल्या जागी हात आणला तर एक अर्थ, नुसता ओढून घेतला तर दुसरा, कोपरात विचित्र वाकला तर तिसरा. मग विचारायचं, नाव काय, गाव कुठलं, महिना कुठला.

इथं एक आठवण. तांड्यावरची एक म्हातारी आली होती, उसाच्या ट्रॉलीवरून पडलेली. नव्या डॉक्टरांनी मराठीत विचारलं, ती काहीबाही बोलली. त्यांनी लिहिलं 'असंबद्ध शब्द', बोलण्याचे गुण 3. तासाभरानं तिचा मुलगा आला आणि गोरमाटीत विचारलं. म्हातारीनं नाव, तांडा, मुकादमाचं नाव आणि किती उचल बाकी आहे तेसुद्धा सांगितलं. पैकीच्या पैकी 5. तेव्हापासून मी वॉर्डातल्या प्रत्येक नव्या पोरीला सांगत आले, आधी विचारा घरी कुठली भाषा बोलतात. मोजपट्टी ग्लासगोची असली तरी प्रश्न पेशंटच्या बोलीतच विचारावा लागतो.

पैनगंगा

सिस्टर, तुमचं लिहिणं वाचून अंगावर काटा आला. नखावर दाबलेला पेन मी पाहिलाय.

माझा भाऊ, वय 27, हिंगोली-नांदेड रस्त्यावर मोटरसायकलवरून पडला. हेल्मेट घरी कपाटावर होतं. शुद्धीचे गुण 6. मेंदूवर रक्त आणि प्रचंड सूज. नांदेडला रात्रीच ऑपरेशन केलं. रक्त काढलं, पण सूज मावेना म्हणून कवटीचं तळहाताएवढं हाड परत बसवलंच नाही. ते हाड त्याच्या पोटाच्या कातडीखाली ठेवलं. आम्हाला आधी खरंच वाटेना. डॉक्टरांनी समजावलं की तिथं ते शरीराच्याच उबेत राहतं, सूज उतरली की काढून जागेवर बसवायचं.

चार महिने ते हाड पोटात होतं. माय रोज आंघोळ घालताना त्या उंचवट्यावरून हात फिरवायची. म्हणायची, 'पोटात असताना याचं डोकं असंच लागायचं हाताला.' आणि डोक्याच्या उजव्या बाजूला खड्डा. खोकला आला की तो खड्डा वर उचलायचा. ते बघून धाकटी बहीण खोलीबाहेर जायची.

त्याचा जीव वाचला. पण तो पहिल्यासारखा नाही. चटकन चिडतो, नावं विसरतो, दुकानावर बसतो पण गल्ला मोजता येत नाही. मला विचारायचंय ते हे: मेंडेलोंसारखं यावर कुणी काम केलंय का? हाड काढून ठेवल्यानं माणूस वाचतो, का नुसता जिवंत राहतो? हा प्रश्न घरात कुणी मोठ्यानं विचारत नाही. मी इथं विचारतेय.

डॉ_गोदातीर

मी न्यूरोसर्जन आहे, मराठवाड्यातच काम करतो. सगळ्यांनाच उत्तर द्यायचंय, पण आधी पैनगंगाताई.

हो, केलंय. केंब्रिजचे न्यूरोसर्जन पीटर हचिन्सन यांनी. 2016 मध्ये त्यांनी 408 रुग्णांचा अभ्यास छापला. मेंदूचा दाब कुठल्याच औषधानं आटोक्यात येत नाही अशा रुग्णांत निम्म्यांचं हाड काढलं, निम्म्यांना औषधंच चालू ठेवली. सहा महिन्यांनी औषधवाल्या गटात 48.9 टक्के मृत्यू, हाड काढलेल्या गटात 26.9 टक्के. फरक मोठा आहे. पण त्याच तक्त्यात पुढची ओळ आहे: नुसता श्वास चालू, भान नाही, अशा अवस्थेत राहिलेले औषधवाल्यांत 2.1 टक्के, हाड काढलेल्यांत 8.5 टक्के. वाचलेल्यांत काही जण परावलंबी राहिले आणि काही जण स्वतःच्या पायावर उभे राहिले. हचिन्सननी दोन्ही ओळी सारख्याच ठळकपणे मांडल्या, म्हणून आज मी नातेवाइकांना रात्री दोन वाजता दोन्ही सांगू शकतो. तुमचा भाऊ दुकानात बसतो, चिडतो, म्हणजे तो नुसता जिवंत नाही, ताई. चिडणं आणि विसरणं हा मेंदूच्या पुढच्या भागाच्या इजेचा भाग आहे, त्याच्या स्वभावाचा दोष नाही. घरच्यांना हे सांगा. गल्ला मोजायचा सराव रोज थोडा, ठरल्या वेळी करून घ्या. पहिल्या वर्षात बरंच परत येतं, त्यानंतरही हळूहळू येत राहतं.

आता दुधना. तुमचा पहिला प्रश्न अगदी रास्त आहे. नाणं आज 500 वेळा उडवा, उद्या पुन्हा 500 वेळा उडवा. दोन्ही दिवशी छाप तंतोतंत सारखे पडणार नाहीत. दोन टक्क्यांचा फरक नुसत्या योगायोगानंही पडतो. म्हणून 'फरक सिद्ध झाला नाही' म्हणतात. आणखी दोन गोष्टी, ज्या गुरुजींच्या लेखात आल्या नाहीत. एक, औषधवाल्या गटातल्या सुमारे चौथाई रुग्णांचं नंतर प्रकृती बिघडल्यावर ऑपरेशन झालंच. म्हणजे तुलना 'ऑपरेशन का कधीच नाही' अशी नव्हती, 'आत्ता का थांबून' अशी होती. नानांच्या डॉक्टरांनी वापरलेले शब्द आठवा, 'बिघडलं तर परत विचार करू'. दोन, ज्या रुग्णाबद्दल सर्जनला स्वतःलाच खात्री नव्हती, तोच अभ्यासात घेतला गेला. लहान मेंदूत मोठा रक्तस्राव झालेल्यांना त्यात घेतलंच नव्हतं. तिथं जागा कमी असते, थोडं रक्तही श्वासाचं केंद्र दाबतं, ऑपरेशन लवकर करावं लागतं. तेव्हा 'मेंदूतल्या रक्ताला ऑपरेशन लागत नाही' असं कृपया कुणी या धाग्यातून उचलू नका.

दुसरा प्रश्न, परदेशातले अभ्यास. यावर मला मनापासून लिहायचंय. 2012 साली रँडल चेस्नट या अमेरिकी न्यूरोसर्जनचा अभ्यास आला. तो अमेरिकेत झाला नाही, बोलिव्हिया आणि इक्वाडोरमध्ये झाला. डोक्याला गंभीर मार लागलेले 324 रुग्ण. निम्म्यांच्या मेंदूत दाब मोजायची तार घातली, निम्म्यांवर सीटी आणि तपासणी यांच्या आधारे उपचार केले. निकालात फरक दिसला नाही. मी शिकून परत आलो तेव्हा आमच्याकडं ती तार नव्हती आणि मला रोज वाटायचं, मी रुग्णांना दुय्यम उपचार देतोय. त्या अभ्यासानं मला काय दिलं, ते शब्दांत सांगता येत नाही. दर तासाला डोळ्यांच्या बाहुल्या बघणारी, शुद्धीचे गुण लिहिणारी सिस्टर आणि वेळेवर केलेला सीटी यांचं मोल तिथल्या गरीब दवाखान्यांनी मोजून दाखवलं.

आणि उलटही घडलं. मेंडेलोंचाच पुढचा अभ्यास, अपघातानं मेंदूच्या आत झालेल्या रक्तस्रावावर. 840 रुग्ण हवे होते, 170 झाले आणि निधी देणाऱ्यांनी थांबवला, कारण ब्रिटनमध्ये पुरेसे रुग्ण मिळत नव्हते. त्या 170 मध्ये भारत, चीन अशा देशांतले बरेच होते. सहा महिन्यांनी मृत्यू लवकर ऑपरेशनवाल्यांत 15 टक्के, थांबलेल्यांत 33 टक्के. ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला सगळ्यात जास्त हवं होतं, तोच अभ्यास अर्धवट राहिला. मला हे अजून सलतं.

रातपाळी

डॉक्टर, स्टेरॉइडचंही लिहा. आमच्या काळात डोक्याच्या प्रत्येक पेशंटला सर्रास चालायचं. मी स्वतः शेकडो इंजेक्शनं दिलीत.

डॉ_गोदातीर

लिहितो, सिस्टर. 2004 चा अभ्यास, 10,008 रुग्ण. डोक्याला मार लागल्यावर स्टेरॉइड दिलं तर सूज उतरेल, असं तीसेक वर्षं सगळे धरून चालले होते. दोन आठवड्यांतले मृत्यू स्टेरॉइडवाल्यांत सुमारे 21 टक्के, बाकीच्यांत 18. म्हणजे औषधानं माणसं जास्त मेली. तेव्हा सगळ्या जगात तेच चालायचं, तुम्ही दिलेली इंजेक्शनं शिकवल्याप्रमाणेच दिलीत. मेंदूतल्या ट्यूमरच्या सुजेला स्टेरॉइड अजूनही लागतं, ते वेगळं.

त्याच गटानं नंतर ट्रॅनेक्सामिक आम्ल तपासलं, रक्त गोठायला मदत करणारं स्वस्तातलं इंजेक्शन. 2019 मध्ये निकाल आला. मार लागल्यापासून तीन तासांच्या आत दिलं तर सौम्य आणि मध्यम दुखापतीत डोक्याच्या माराने होणारे मृत्यू कमी झाले, अतिगंभीर दुखापतीत फायदा दिसला नाही. हे इंजेक्शन तालुक्याच्या दवाखान्यातही देता येतं.

दुधना

डॉक्टर, उत्तर नीट दिलंत. दोनदा वाचलं. आता माझी गोष्ट सांगतो, पहिल्या प्रतिसादात सांगायची हिंमत झाली नव्हती.

माझ्या आईला लकवा झाला तेव्हा आम्ही तिला दवाखान्यात नेलंच नाही. पंचक्रोशीत एक जण लकव्याचं औषध द्यायचा. कबुतर कापून त्याचं रक्त अंगाला चोळायचा आणि नाकात कसलातरी रस सोडायचा. मीच मोटरसायकलवर जाऊन दोन कबुतरं आणली. आई बघत होती, बोलता येत नव्हतं. रक्त वाळून तिच्या दंडावर कडक झालेलं अजून डोळ्यासमोर आहे. दोन दिवसांनी परभणीला नेलं. डॉक्टर म्हणाले, रक्ताची गुठळी अडकून झालेला लकवा आहे, साडेचार तासांत आणलं असतं तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता आलं असतं, आता ऑपरेशनची गरज नाही. मी 'गरज नाही' एवढंच ऐकलं आणि सात वर्षं गावभर सांगत फिरलो की गरिबाला हाकलून दिलं.

माझ्या डोळ्यादेखतची गोष्ट म्हणालो होतो, ती ही.

रातपाळी

दादा, तुम्ही आणलेली कबुतरं आईला वाचवायलाच आणली होती. माझ्या सासऱ्यांनाही चोळलं होतं, घरात सिस्टर असताना.

आता गावात सांगा. तोंड वाकडं, हात गळाला, बोलणं अडखळलं, यातलं एकही अचानक झालं की किती वाजले ते आधी बघा आणि 108 ला फोन करा. तोंडात पाणी, चहा, गोळी काहीच घालू नका, ते श्वासनळीत जातं. रक्त पातळ करायची गोळीही घरी देऊ नका. गुठळी आहे का रक्तस्राव, हे सीटीशिवाय ब्रह्मदेवालाही कळत नाही, आणि दोन्हींचे उपचार एकमेकांच्या उलटे.

बिंदुसरा_काठ

एक शंका. मी वाचलं की आता दुर्बिणीसारख्या नळीतून गाठ काढतात आणि त्याचा फायदा झालाय. मग मेंडेलोंचा निष्कर्ष जुना झाला का?

डॉ_गोदातीर

2024 चा अमेरिकेतला अभ्यास म्हणताय तुम्ही. 300 रुग्ण, 24 तासांच्या आत, बारीक नळीतून मेंदूला कमीत कमी धक्का लावून गाठ काढली. फायदा दिसला, पण मेंदूच्या वरच्या थरांजवळच्या गाठींत. नानांसारख्या खोल गाठींचे रुग्ण घेणं त्या अभ्यासात मध्येच थांबवलं, कारण तिथं फायदा दिसेना. मेंडेलोंनाही हा फरक जाणवला होता. म्हणून तर त्यांनी फक्त वरच्या गाठींवर दुसरा अभ्यास केला, 601 रुग्ण, 2013. त्यात ठोस फरक निघाला नाही. पण त्यातली बहुतेक ऑपरेशनं कवटी उघडून केलेली होती. प्रश्न त्यांनी नीट आखून दिला आणि पुढच्यांनी हत्यार बदलून पुन्हा विचारला. म्हणून मी निष्कर्ष जुना झाला म्हणणार नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या सगळ्यांशी संबंधित आहे. गुरुजींनी लिहिलंय की सहा महिन्यांनी घरी प्रश्नावली जायची. आमच्याकडं रुग्ण सुट्टी घेऊन गेला की गेला. टाके काढायला येतो, पुढं फोन बंद, नाहीतर कारखान्यावर गेलेला. मी वर्षाला इतकी डोकी उघडतो, पण सहा महिन्यांनी त्यातले किती जण शेतात जातात, किती अंथरुणाला आहेत, मला माहीत नाही. बरा झालेला येत नाही, न झालेला रागानं येत नाही. मराठवाड्यातल्या माणसाचं काय होतं, हे लिहिलेलं कुठं सापडणार? तुम्ही दाखवायला आलात तरच.

मांजराकाठी

डॉक्टर, तुमचा हा प्रतिसाद मी नानांना मोठ्यानं वाचून दाखवला. चिठ्ठी टाकून गट ठरवायचे, हेही परत समजावलं. नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, 'त्या हजार माणसांना विचारून केलं का?' मी म्हटलं, 'हो, त्यांना नाहीतर घरच्यांना विचारून.' तर म्हणाले, 'आणि माझं कुणी लिहून घेतलं का?'

काल त्यांना घेऊन गेलो. दोन वर्षांनी. डॉक्टर तोच होता, केस जरा कमी झालेत. त्यानं आम्हाला ओळखलं नाही. मी त्या दिवशीचं माझं वाक्य सांगितलं आणि माफी मागितली. तो म्हणाला, 'असं पुष्कळ जण बोलतात सर, सोडून द्या.' मग मी जुनी फिल्म काढली. ती त्यानं खिडकीला धरली आणि लगेच म्हणाला, 'उजवीकडची खोल गाठ. पस्तीसेक असेल.' माणूस आठवला नाही, गाठ आठवली.

त्यानं नानांना उभं केलं, चालवलं. डाव्या हातात पेन देऊन बघितला, तो पडला. शर्टाची गुंडी कोण लावतं, एकटे बाजाराला जाता का, ओसरीची पायरी कशी उतरता, सगळं विचारलं. नानांनी प्रत्येक उत्तर सावकाश, जुळवून दिलं, कोर्टात साक्ष दिल्यासारखं. टेबलावर औषध कंपनीची जुनी डायरी होती. तिच्या मागच्या पानावर त्यानं पट्टीनं रेघा मारल्या आणि लिहिलं: वय, गाठीची जागा, 35 मिली, 13, ऑपरेशन नाही, दोन वर्षं, काठीनं चालतो.

नानांनी पान आपल्याकडं वळवून घेतलं. म्हणाले, 'गुंडी स्वतः लावतो, ते राहिलं.' त्यानं तेही लिहिलं.